पुढं सरका, जागा हाये

आधी आवाज यायचा. टिक्-टिक्! दाराच्या चौकटीवर तिकिटाचा पंच आपटल्याचा. मग एक पांढरी टोपी आत डोकवायची आणि तिच्यामागून अर्ध्या बसस्टँडला ऐकू जाईल असा गळा, "पुढं सरका, जागा हाये!"

आता घरात माणूस एकच. तेही बाजेवर, भिंतीकडे तोंड करून निजलेलं. कोण कुठे पुढं सरकणार? पण कंडक्टरभाऊंना हे सांगून उपयोग नव्हता. जन्मभर त्यांनी खच्चून भरलेल्या एसटीत अजून चार माणसं बसवली होती. जागा नाही असं कधी नसतंच, ज्याने त्याने थोडं सरकलं की ती निघते, ह्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा!

त्यांचं नाव मी लिहीत नाही. घाटंजीत त्यांना नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. मूळचे बंजारा तांड्यावरचे, घरात गोर बोली बोलणारे. कोणतीही म्हातारी दिसली की तिला 'याडी' म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. म्हातारी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असली तरी याडीच. मला तेवढं टेलरबाई म्हणायचे, कारण बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिलाई मशीन, आणि त्यांच्या खाकी पँटचे खिसे कायम माझ्याकडे दुरुस्तीला. शाळा मला काही भेटली नाही. कपडे ज्या पेपरात गुंडाळून यायचे त्याच पेपरावर अक्षराला अक्षर लावत मी वाचायला शिकले. तेव्हा माझं लिहिणं हे असंच, बोलल्यासारखं. गोड मानून घ्या.

तर निवृत्त झाल्यावर भाऊ बरेच दिवस दिसले नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी आले ते उड्या मारतच.

"टेलरबाई, मले नवीन ड्युटी लागली!"

"आता कोणती जी ड्युटी?"

"बसाची! जनमभर गाडीत उभा राह्यलो, कधी टेकलो नाही. आता सरकारी दवाखान्यानं बसाले लावलं! लोकाच्या घरी जाचं आन् बसाचं!"

मी म्हटलं, ह्यांना ऊन लागलं. पण खरंच होतं ते. दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना एक उदासीचा आजार होतो, त्याच्यासाठी त्यांनी गावातल्याच काही रिकाम्या माणसांना शिकवलं होतं. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. माणसाला हळूहळू एखाद्या लहानशा कामाकडे, चार लोकांत परत आणायचं. जास्त वाटलं तर दवाखान्यात न्यायचं. आमच्याकडे ह्या आजाराला नावच नव्हतं. म्हातारी बोलेनाशी झाली की 'घुम्मी झाली' म्हणायचे, जेवेनाशी झाली की 'नखरे करते'. फार तर 'वय झालं आता'. तुमच्याही गल्लीत असं एखादं वय झालेलं माणूस असेल, बघा आठवून.

भाऊंचा स्वतःचा पंच तर डेपोत जमा झाला होता. हा दुसरा त्यांनी बाजारात भंगारवाल्याकडून शोधून आणला. "पंच हातात नसला तं मले बोलताच येत नाही," म्हणायचे.

सुरुवातीला फजित्या काय कमी झाल्या! एकदा पत्ता चुकून भलत्याच घरात शिरले. ओसरीवर बाजेवर एक म्हातारा पडलेला. भाऊ म्हणाले, "पुढं सरका, जागा हाये!" म्हातारा दचकून सरकला. भाऊ बसले, त्याचं सगळं ऐकलं. जुनी बैलजोडी, बायकोची आठवण, गुडघा. जाताना त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "पुढच्या बाजाराले येतो, घाबराचं नाही." तो म्हातारा होता कळंबचा पाहुणा! ठणठणीत! लग्नाला आला होता आणि जेवण जास्त झालं म्हणून आडवा झाला होता. तो तिकडे जाऊन सांगत सुटला, "घाटंजीत पाहुण्याची लय सोय हाये गा! सरकार माणूस धाडते गप्पा माराले!"

आणि आमचे गुरुजी! शाळेतून निवृत्त, बायको गेलेली, दार लावून बसायचे. भाऊंना त्यांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं, "मला काही झालेलं नाही. तुम्ही जा."

"बरं झालं जी," भाऊ म्हणाले. "मले मातर पाय दुखून राह्यले. जराक इथं पायरीवर बसतो."

बसले. खिशातले फुटाणे खाल्ले, कोणत्या रस्त्यावर किती खड्डे पडले ते बंद दाराला सांगितलं, आणि उठून गेले. पुढच्या बाजाराला पुन्हा पायरी, पुन्हा फुटाणे, पुन्हा खड्डे. असं करता करता एके दिवशी गेले तर पायरीवर एक खुर्ची ठेवलेली. गुरुजी आतच, दार लावलेलंच. पण खुर्ची होती! भाऊ माझ्या दुकानात पळत आले, "टेलरबाई, रिझर्वेशन भेटलं!" पुढे त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली आणि दुसऱ्या खुर्चीवर गुरुजी.

हे सगळं मी लांबून हसत बघत होते. मग ते माझ्याच घरात आलं.

माझी मोठी जाऊ. आमच्या भिंतीला भिंत. अहो, ती म्हणजे वाघीण होती! माझे भासरे, म्हणजे तिचे मालक, गेले तेव्हाही ती डगमगली नाही. तिसऱ्या महिन्यात पदर खोचून वावरात उभी. गावाकडे कपाशीचं वावर, आणि कापसाच्या पहिल्या वेच्याला आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, वावरात दहीभात शिंपायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. विधवेने कसं करायचं म्हणून कोणी कुजबुजलं, तर ती म्हणाली, "पेरलं म्या, निंदलं म्या, आन् पूजा का शेजारीण करन?" त्यानंतर कोणाची टाप झाली नाही.

ती एकदा अंगणात पडली. मनगट मोडलं, तेही पुढे जुळलं. पण पोराने तिला वावरातून उचलून इथे आणलं. पोरगा चांगला, सून तर सोन्यासारखी. आणि दोघांचा एकच घोष, "आई, तुम्ही आता बसा." हातातला झाडू घ्यायचे. निवडायला घेतलेली डाळ ओढून घ्यायचे. चहासुद्धा हातात. लोक म्हणायचे, काय नशीब काढलं बुडीनं! आणि त्या नशिबातच ती विझत चालली होती. आधी अंगणात येणं सोडलं. मग बोलणं. मग ताट तसंच परत जायला लागलं. मग भिंतीकडे तोंड.

मी भाऊंना सांगितलं. ते आले. टिक्-टिक्. "पुढं सरका याडी, जागा हाये!"

ती सरकली नाही. भाऊ खाली जमिनीवर बसले. त्यांनी पऱ्हाटीचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं. ती भिंतीशी. मग तेही गप्प झाले. इतका बोलका माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. असे कितीतरी वेळा आले. आणि एकदा, मी चहा घेऊन आले तेव्हा, तिने भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "आता नेलं तं बरं होईन."

मी लगेच बोलले, "असं नाही म्हणाचं बाई!" आपण असंच म्हणतो ना? भाऊंनी मला हाताने थांबवलं. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. बाजेजवळ सरकले आणि सरळ विचारलं, "याडी, जीव द्याचं मनात येते काय?"

मी चहा खाली ठेवला. असं कोणी विचारतं का? पण तिने, माझ्या जावेने, किती दिवसांनी मान वळवली. त्यांच्याकडे पाहिलं. "येते," म्हणाली. "कवाकवा येते."

"सांगतलं ते बरं केलं," भाऊ म्हणाले. एवढंच. ना उपदेश, ना देवाचं नाव. बाहेर येऊन मात्र पोराला आणि सुनेला समोर उभं केलं. फवारणीचं औषध घरात आहे का? आहे. आत्ताच्या आत्ता इथून हलवा. तिला एकटं ठेवायचं नाही. आणि आजच दवाखाना.

पोरगा रडकुंडीला आला. "भाऊ, आम्ही काय कमी केलं? आईले कोणत्या कामाले हात लावू देत नाही!"

"थेच तं झालं ना बापू," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "तू तिले शीटवर बसवलं, पण गाडीच बंद करून टाकली."

मॅडमनी तपासलं, गोळ्या दिल्या, लवकरच परत बोलावलं. म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही. सून विचारत होती, गोळीने होईल ना बरं? बाहेर आल्यावर भाऊंनी तिला समजावलं, "गोळी म्हंजे डिझेल. त्याच्याबिगर चालाचं नाही, मधात बंदही कराचं नाही. पण गाडी लय दिवस उभी हाये ना, म्हून धक्काही लागते. धक्का आपण द्याचा. हळू. सगळ्यायनं मिळून."

धक्का! आमच्याकडे कोणाला शिकवायला लागतं का? बंद पडलेली एसटी आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी ढकलली आहे.

गोळ्या सुरू झाल्या. ती जेवू लागली, थोडं थोडं. झोप लागू लागली. पण तोंड भिंतीकडेच. भाऊ म्हणाले, थांबा.

मग आला कापसाचा पहिला वेचा. भाऊंनी माझ्याकडून सीतादहीचं सगळं ऐकून घेतलं होतं. सकाळीच दारात एक काळीपिवळी जीप उभी! आत गुरुजी, भाऊ ज्यांच्या घरी बसायला जायचे अशा दोन म्हाताऱ्या, दहीभाताचं पातेलं आणि दाराला लटकलेले कंडक्टरभाऊ. पोरगा म्हणे, आईला त्रास होईल. भाऊ म्हणे, त्रास झाला तर परत आणतो, गाडी काय एकाच दिशेने जाते? मॅडमना विचारून आलो आहे. सुनेने आणि मी तिला दोन बाजूंनी धरून बसवलं. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

भाऊंनी लिंबाच्या डहाळीचं एकेक पान तोडून, पंचाने भोक पाडून प्रत्येकाच्या हातात दिलं. "तिकीट सांभाळून ठेवजा! चेकर येऊ शकते!" गुरुजींनी पान उलटसुलट करून पाहिलं, "ह्यावर कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं नाही." "गुरुजी, तुमाले जिथं उतराचं तिथं उतरा!" जीपभर हशा. मी सारखी जावेकडे बघत होते. ती पान मुठीत धरून बसली होती. टाकलं नव्हतं.

वावर आलं. पांढरंशुभ्र फुटलेलं! मी तर पोरीसारखी उडी मारून उतरले. सगळे उतरले. ती उतरली नाही.

"बाई, चाल ना." मान हलवली, नाही. पोराने हात पुढे केला, नाही. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा घाट घातला तो हिच्यासाठी, आणि ही जीपमध्येच.

भाऊ मात्र शांत. "राहू द्या. ह्या फेरीले नाही उतरल्या तं पुढच्या फेरीले. गाडी रोज हाये. चला, पूजा आटपा, दही आंबट होईन."

तर सुनेने पूजा केली, सासूने इतकी वर्षं केली तशी. पाच दगड, हळदकुंकू, दहीभात. मग तिने पहिला कापूस वेचला, ओंजळभर. आणि काय तिच्या मनात आलं कोण जाणे, ती थेट जीपपाशी गेली आणि तो कापूस सासूच्या ओटीत ठेवला.

आम्ही लांब उभे. मी देवाचं नाव घेत होते. किती वेळ काहीच नाही. आणि मग मला दिसलं, तिची बोटं हलत होती! डोळे समोर कुठेतरी, पण बोटं आपली आपण कापसातली वाळलेली पत्ती काढत होती. एक काढली, टाकली. दुसरी काढली. मग बोटं थांबली. तिने कापूस चिमटीत दाबला. कपाळाला आठी पडली.

"ओला हाये."

सून म्हणाली, "अं?"

"ओला हाये म्हणलं ना! कोणं सांगतलं आता वेचाले? दव तं सुकू द्याचं होतं!"

पोरगा धावतच गेला. "आई, म्या सांगतलं."

"तुले घाई कायची झालती? ओला कापूस गंजीत पिवळा पडते, इतकंही समजत नाही? इतका मोठा झाला!"

अहो, शिव्याच त्या! आणि पोरगा हसत होता आणि रडत होता. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मी तर सुनेच्या गळ्यातच पडले. कोणाला कधी आईच्या रागाचा एवढा आनंद झाला असेल? भाऊंनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. जीपच्या टपावर पंच वाजला, हळूच. टिक्-टिक्.

पोराला वाटलं, आता उतरवूच तिला, वावर दाखवू. भाऊंनी अडवलं. "आज एवढंच. एकदम जास्त पॅसिंजर घेतले का टायर बसते."

तेव्हापासून सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही, तसं होत नसतं. पुढेही वाईट दिवस आले, भिंतीकडचे. पण मधले दिवस वाढत गेले. घरात तिच्यापुढे कापसाची रास असायची, ती वाती वळायची, आणि सून तिच्या हातातून काही ओढून घेत नव्हती. पुढे ती बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली येऊ लागली. तिथे भाऊंचं म्हाताऱ्यांचं मंडळ जमायचं. गुरुजी पेपर वाचायचे, ही मधेच म्हणायची, "पुरे गुरुजी, भाव सांगा कापसाचा." आणि गुरुजी निमूट भाव सांगायचे!

भाऊ मात्र त्या मंडळात कधी बसले नाहीत. घरोघरी बसायचे, इथे लिंबाला टेकून उभे. सवय हो. एकदा मी मशीन चालवत होते तेव्हा म्हणाले, "टेलरबाई, रिटायर झाल्यावर मले रोज पाह्यटे जाग यायची. वर्दी शोधत बसो. घरवाली म्हणे, कायले उठता आता? मंग मीही भिंतीकडेच तोंड करून निजाले लागलो. त्या मॅडमनं पयले मलेच उठवलं." मी मशीन थांबवलं. ते हसले आणि पुढच्या घराकडे निघाले.

आणि मग त्यांचं जायचं ठरलं. उमरखेडला पोराने घर बांधलं, आईबापाला बोलावलं. भाऊंची घरवाली आधीच तिकडे राहायला गेली. भाऊ आज जातो, उद्या जातो करत राहिले. शेवटच्या बाजाराला लिंबाखाली त्यांनी पंच काढून माझ्या जावेपुढे धरला. "याडी, तुमच्यापाशी ठेवा. तिथं मले कोण ओळखते? पोरगाही म्हणते, बाबा, आता आराम करा."

आराम! जावेने पंचाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"न्या तुमचा तुम्ही," ती म्हणाली. "तिथं काय हातानं चौकट ठोकसान? आन् आयका, भिंतीकडे तोंड करून निजले ना, तं मी पयल्याच गाडीत बसून येईन. मंग तुमालेच पुढं सरकाले लावीन!"

भाऊंनी पंच खिशात टाकला. तो खिसा मीच शिवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर. गाडीत फार गर्दी नव्हती. एक तरणी पोरगी कंडक्टर होती, गळ्यात तिकिटाचं मशीन. भाऊ चढले आणि दांडी धरून उभे राहिले. पोरगी म्हणाली, "काका, बसा ना." "हो हो," म्हणाले आणि उभेच. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढी बाकडी रिकामी, आणि ज्याने सगळ्या घाटंजीला जागा करून दिली त्याला स्वतःला कुठे बसावं ते कळेना. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. सांगते तुम्हाला, घाबरला होता हो तो माणूस.

तेव्हा माझी जाऊ, जी अंगणात यायला तयार नव्हती ती माझी जाऊ, गर्दीतून पुढे झाली. गाडीच्या पत्र्याजवळ गेली आणि जी ओरडली!

"पुढं सरका जी, जागा हाये!"

सगळा स्टँड हसला. गाडीतले हसले, ती कंडक्टर पोरगी हसली. आणि भाऊंना काय झालं माहीत नाही, त्यांचे डोळे भरले आणि ते मटकन बसले. जावेने पत्र्यावर हाताने दोन थापा मारल्या. ड्रायव्हरला वाटलं, डबल बेल झाली! त्याने गाडी काढलीच. पोरगी आतून ओरडतेय, "अहो, थांबा, म्या कुठं मारली बेल!" पण गाडी निघाली होती.

ती वळणावर गेली तेव्हा मी नीट पाहिलं. भाऊ बाकड्यावर पार खिडकीपर्यंत सरकून बसले होते. शेजारची जागा मोकळी, आणि तिच्यावर पंच धरलेला हात, कोणी येईल म्हणून.